वाचकांचे प्रश्न : रिठ, पांढरी आणि पडक्या गढ्या

रिठं, म्हणजे ओसाड पडलेली गावं, पाहायला जाणाऱ्या वाचकांची पत्रं बरीच आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांबलचक पत्रांतला मुद्दा तेवढा घेतला आहे.

आमच्या भागात रिठी गावं पुष्कळ आहेत असं म्हातारी माणसं म्हणतात, पण नेमकी जागा कोणी दाखवत नाही. शोधायची कशी? (विद्यार्थी, परतूर)

आधी कागद, मग पाय. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत तालुकावार गावांची यादी असते. ज्या महसुली गावाची लोकसंख्या शून्य, त्याची तिथे निर्जन म्हणून नोंद सापडते. २०११ ची पुस्तिका जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर आहे. तलाठी याच गावाला बेचिराख म्हणतो. त्याची शीव असते, गट असतात, सातबारा निघतो, फक्त चूल पेटत नाही. पण यादीतलं प्रत्येक बेचिराख गाव म्हणजे पडक्या घरांची ओळ, असं समजून निघालात तर निराश व्हाल. पुष्कळ ठिकाणी हरभऱ्याचं रान आणि बांधावर एकटा मारुती, एवढंच उरलेलं असतं.

दुसरा कागद सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा. म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर जमिनीवर एक किलोमीटर. त्यावर सोडलेल्या वस्त्या, विहिरी, देवळं, गाडीवाटा दाखवलेल्या असतात. जुनी आवृत्ती हाती लागली तर ती नव्या नकाशाशेजारी ठेवा. जुन्यावर असलेलं आणि नव्यावरून गेलेलं नाव वहीत उतरवा.

मग गूगल अर्थ. त्यात मागच्या तारखांची चित्रं पाहता येतात, त्यातली एप्रिल-मेची निवडा. रान नांगरून काळं पडलेलं असतं आणि पांढरीचा, म्हणजे जुन्या गावठाणाच्या मातीचा, फिकट, लांबट गोल डाग त्यात उठून दिसतो, कडेने वेड्या बाभळीची गडद झालर. याहून भरवशाची खूण वाटांची. तीन-चार पाणंदी येऊन एका रिकाम्या जागी मिळत असतील तर तिथे गाव होतं असं धरून चाला. घरं पडतात, दगड उचलले जातात, पण शिवरस्ता सहसा कोणी हलवत नाही.

जागेवर पोचल्यावर खापरं, राख मिसळलेली भुसभुशीत माती, फुटक्या जात्याची तळी, उखळ, आड आणि जुन्या चिंचा बघा. वाटेत गुराखी भेटला तर ‘ओसाड गाव कुठे आहे’ असं पुस्तकी विचारू नका. ‘रिठ कुठंशी आलं?’ म्हटलं की तो काठीनेच दिशा दाखवतो.

कोणत्या महिन्यात जावं? दुचाकी नेली तर चालेल का? (छत्रपती संभाजीनगर)

फेब्रुवारी ते मार्चचा मध्य. रब्बीची ज्वारी काढून झालेली असते, त्यामुळे पांढरी लांबून दिसते. गवत वाळून बसलेलं असतं आणि ऊन सोसण्याजोगं असतं. डिसेंबर-जानेवारीत हवा छान, पण पुरुषभर ज्वारीत तुम्ही गढीला वळसा घालून जाल आणि गढी दिसणार नाही. मेमध्ये पारा चाळिशीपार. गेलातच तर दहाच्या आत परत फिरा आणि माणशी चार लिटर पाणी न्या.

दुचाकी चालेल, पण काळ्या रानात पावसाचा एक शिडकावा झाला तरी नेऊ नका. ओली काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये भरते, चाक फिरायचं थांबतं आणि काडीने माती कोरत बसावं लागतं. चांगला पाऊस झाल्यावर तीन-चार दिवस कडक ऊन पडेपर्यंत गाडीवाट सुकत नाही. वेड्या बाभळीचा काटा टायर आणि चपलेचा तळ दोन्ही भेदतो, म्हणून ट्यूबलेस टायर, पंक्चरचं सामान आणि जाड तळाचे घोट्यावर येणारे बूट हवेत.

बीडच्या डोंगरपट्ट्यात जानेवारीत एक अख्खी वाडी कुलूपबंद दिसली. अंगणात गवत वाढलेलं, माणूस नाही. सोडून दिलेली समजून आत शिरून फोटो घ्यावेत का? (पुणे)

अजिबात नाही. ती वाडी ओसाड नाही, ऊसतोडीला गेली आहे. दिवाळी उरकली की मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोड्या बिऱ्हाडासह पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की एप्रिलच्या आसपास परततात. तोवर वाडीत म्हातारी माणसं आणि शाळेमुळे मागे ठेवलेली पोरं. तुम्ही दुपारी गेलात तेव्हा तीही रानात किंवा सावलीला गेलेली असणार.

सोडलेलं घर आणि बंद घर यांतला फरक बाहेरूनच कळतो. गाव सोडताना माणूस पहिल्यांदा लाकूड नेतो: दाराची चौकट, फळ्या, खांब, तुळया. कारण नवं घर बांधताना सगळ्यात महाग तेच. त्यामुळे चौकट जागेवर असलेलं घर सोडलेलं नाही, असं आधी धरायचं. बंद घराच्या पत्र्यावर दगड ठेवलेले असतात, दारापुढे बाभळीची काटी आडवी लावलेली असते, गोवऱ्यांची रास झाकलेली, चुलीचं तोंड लिंपलेलं आणि विजेचा मीटर जागेवर. यातली एक खूण दिसली तरी मागे फिरा. दुसऱ्याच्या घरात विनापरवानगी शिरणं गुन्हा आहे, हा भाग वेगळाच. सहा महिने घर सांभाळणाऱ्या एकट्या म्हातारीच्या दारात चार अनोळखी माणसं कॅमेरे घेऊन उभी राहिली तर तिचं काय होईल, एवढा विचार पुरे.

किल्लारी परिसरातली जुनी गावठाणं दाखवायला मुलांना न्यायचं आहे. ज्या भिंती भूकंपातही टिकल्या त्या भक्कम समजाव्यात का? (शिक्षक, औसा)

उलट, त्यांच्यापासूनच लांब राहा. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा धक्का बसला आणि लातूर-धाराशिवच्या सीमेवरची गावं झोपेत गाडली गेली. नंतरच्या पुनर्वसनात ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली. मागे जे उभं दिसतं ते धक्क्यातून वाचलेलं असलं तरी त्यावर पुढे तीस-बत्तीस पावसाळे बिनछपराचे गेले आहेत.

भिंत आतून कशी असते ते मुलांना आधी फळ्यावर काढून दाखवा. या भागातली जुनी भिंत दोन-तीन फूट जाड, म्हणून बघणाऱ्याला किल्ल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती एक भिंत नसते. बाहेरच्या आणि आतल्या अंगाला काळ्या दगडाचे दोन वेगळे थर, मध्ये चिखल आणि बारीक दगडांचा भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक घरांत नव्हतेच. भूकंपानंतर दगडी बांधकामासाठी जो नियम सांगितला गेला तो नेमका हाच: उंचीत दर ६० सेंटिमीटरवर आणि आडव्या अंतरात १.२ मीटरच्या आत एक आरपार दगड. छप्पर गेलं की पाणी वरून भरात उतरतं, चिखल फुगतो आणि बाहेरच्या थराला ढकलतो. याला गवंडी ‘भिंतीला पोट आलं’ म्हणतात. पोट आलेली भिंत वारा नसताना, कोणी हात न लावता, भर उन्हात सुकतानाही ढासळते.

दुसरा धोका माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा. तुळया, त्यांवर कड्या, फळ्या किंवा काटक्या, वर पाला आणि त्यावर माती. गळू नये म्हणून दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पांढऱ्या मातीचा नवा थर चढायचा आणि जुना कोणी काढायचा नाही. असं करत करत थर दीड-दोन फुटांवर जायचा. दीड फुटाचा हिशोब करा: दहा बाय दहाच्या खोलीवर १५० घनफूट माती, घनफुटाला ४५ किलो धरली तर पावणेसात टन. १९९३ ला माणसं दगडांखाली आणि या मातीखाली गुदमरून गेली.

खणाच्या घरात हे ओझं भिंतींवर नसतं, लाकडी खांबांवर असतं. त्यामुळे भिंती पडून गेल्या तरी चार खांबांवर माळवद तसंच तरंगत राहतं आणि सावली म्हणून लोक त्याखाली बसतात. खांबाचं बूड बघा. वाळवीने आतून पोखरलेलं लाकूड वरून शाबूत दिसतं, काठीने टोचलं की भुगा पडतो. खरं तर तेवढं टोचायलाही जवळ जाऊ नये.

मुलांसाठी नियम सोपा ठेवा. भिंत जेवढी उंच त्याच्या दीडपट अंतरावर थांबायचं. दहा फुटी भिंत असेल तर पंधरा फूट. जोत्यावर, भिंतीवर चढायचं नाही. दारावरचं लाकूड शाबूत दिसलं तरी चौकटीतून आरपार जायचं नाही. पोट दाखवायचं असेल तर लांबून ओळंबा डोळ्यासमोर धरा, भिंतीची कड दोरीपासून किती सरकली ते स्पष्ट दिसतं. आणि निघण्यापूर्वी नव्या गावच्या सरपंचांना कळवा. त्या ढिगाऱ्यात कोणाची आई गेली, कोणाचं अख्खं घर गेलं. तिथून मुलांना ‘आठवण म्हणून’ खापराचा तुकडासुद्धा उचलू देऊ नका.

गढीच्या आत दोन फुटांचं गोल भोक दिसलं. दगड टाकला तर खाली आवाज आला. भुयार असेल का? (सेलू)

भुयाराच्या गोष्टी प्रत्येक गढीला असतात. तुमचं ते बहुतेक पेव आहे, ज्वारी साठवायचं. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली पोट रांजणासारखं फुगलेलं. आतून कडबा किंवा भुस्सा लावून धान्य भरायचं आणि तोंडावर फरशी ठेवून माती लोटायची.

त्यात उतरू नका, वाकून डोकंही घालू नका. धान्य श्वास घेतं, कुजकं धान्य आणि पाला जास्तच. त्यातून निघणारा कर्बवायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साठून राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. उतरणारा बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. पेवातल्या आणि जुन्या आडातल्या दुर्घटनांत दोन-तीन माणसं एकदम जातात ती याच कारणाने. दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत पुरेशी नाही. दिवा विझला तर हवा वाईट हे नक्की, पण जळत राहिला म्हणून ती चांगली ठरत नाही. विषारी वायूंचा पत्ता दिव्याला लागत नाही.

एक पेव उघडं असेल तर शेजारी मातीने झाकलेली आणखी असणार. ती क्वचितच एकटी असतात. गढीच्या अंगणात पुढे काठी आपटत चाला, आवाज पोकळ आला की बाजूने जा. सापडलेल्या तोंडावर काटी टाकून ठेवा म्हणजे गुरं पडणार नाहीत, आणि पोलीस पाटलांना सांगा.

नाथसागराचं पाणी उतरलं की बुडालेली गावं वर येतात म्हणे. जाता येतं का? (पैठण आणि गंगापूर, दोन पत्रं)

सगळी येत नाहीत. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. त्याची पूर्ण पातळी १,५२२ फूट, एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातले सुमारे २६ टीएमसी मृतसाठा. म्हणजे २०१६ च्या उन्हाळ्यात झालं तसा जिवंत साठा शून्यावर आला, तरी तळाशी २६ टीएमसी पाणी असतंच आणि खोल पात्रातली गावं त्याखालीच राहतात. दिसतात ती काठाकडची. स्थानिक वर्तमानपत्रांत धरणाची पातळी फुटांत छापून येते. अमुक फुटाला अमुक जोतं उघडं पडलं, अशी नोंद वहीत ठेवा. पुढच्या दुष्काळी वर्षी नेमकं केव्हा निघायचं ते त्यावरून ठरेल.

घरं शोधू नका, जोती शोधा. लोकांनी बुडण्याआधी लाकूड आणि देवळातल्या मूर्ती नव्या गावठाणात नेल्या. उरले ते दगड, आडाचे कठडे, पार, पायऱ्या.

इथला खरा धोका गाळाचा. वरचा पापुद्रा सुकून भेगाळतो, चालण्याजोगा दिसतो, आणि खाली पेजेसारखा चिखल असतो. पाऊल गुडघ्यापर्यंत गेलं की ओढून काढताना दुसरंही जातं. पाण्याच्या कडेपासून निदान पन्नास पावलं अंतर ठेवा, सहा फुटी काठीने टोचत पुढे जा, गुरांच्या खुरांची वाट सोडू नका. अडकलात तर उभं राहून धडपडण्यापेक्षा मागे आडवं व्हा, काठी अंगाखाली घ्या आणि पाय एक-एक करून सोडवा.

जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा वन विभागाला विचारूनच जा. उघड्या पडलेल्या जमिनीवर लोक गाळपेरा करतात, म्हणजे गाळातच पीक घेतात. उगवलेल्या रोपांतून वाट काढू नका.

गाव केव्हा उठलं हे कसं ओळखावं? आमच्याकडे ‘शापाने एका रात्रीत उठलं’ असं सांगतात. (कळमनुरी)

हीच गोष्ट थोड्या फरकाने मराठवाड्यातल्या निम्म्या रिठांबद्दल सांगतात. गावं बहुधा हळूहळू उठतात. आड आटतो, पटकी येते, प्लेग येतो, चार घरं शेजारच्या गावात सोयरिकीला जातात, उरलेली मागून जातात. १८७६–७८ आणि १८९९–१९०० चे दुष्काळ, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, ही या भागातली मोठी वळणं. शापाची गोष्ट लिहून घ्या जरूर, पण तारीख वस्तूंवरून काढा.

विजेचा खांब किंवा तारेची खूण असेल तर गाव १९६० नंतरही नांदत होतं. दांड्याचा हातपंप असेल तर वस्ती १९७२ च्या दुष्काळानंतरही होती असं धरा. सिमेंटचा गिलावा, पत्रे, शहाबादी फरशी यांतलं काहीच नसेल आणि नुसती खापरं आणि दगड असतील तर शंभर वर्षं मागे जायला हरकत नाही. तळहातापेक्षा खूप मोठ्या, जाड, भाजक्या विटा दिसल्या तर मात्र थांबा. तशा विटा सातवाहन काळातल्या असू शकतात आणि ते काम पुरातत्त्ववाल्यांचं आहे. तेरची पांढरी, म्हणजे प्राचीन तगर, अशाच टेकाडांखाली निघाली.

कागदात, तहसीलच्या अभिलेख कक्षात १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची गटवार नोंद, मागा. त्याच्या मागचे निजामकालीन कागद उर्दूत किंवा मोडीत असतात, वाचणारा सोबत न्या. खासऱ्यात गावठाणाच्या गटाला पीक लावलेलं दिसलं तर वस्ती त्याआधीच हललेली होती.

वीरगळ आणि काही नाणी दिसली. घरी आणून जपली तर चूक काय? (माजलगाव)

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड. तो जागेवरून हलला की त्याचा अर्धा अर्थ जातो. तो वेशीजवळ होता की शेताच्या बांधावर, कोणत्या दिशेला तोंड करून, यावरून लढाई कशावरून झाली याचा अंदाज बांधता येतो. फोटो घ्या: समोरून, दोन्ही बाजूंनी, शेजारी फूटपट्टी ठेवून. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात कोरीव काम उठून येतं. नाही तर बॅटरी कडेने तिरपी धरा. खडू, पीठ, तेल, शेंदूर काही लावू नका. चौकटी खालून वर वाचायच्या: खाली लढाई आणि मरण, मध्ये अप्सरा नेतात, वर शिवपिंडीची पूजा.

नाण्यांचं सरळ आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होतो. कुदळ, फावडं, धातू शोधायचं यंत्र यातलं काही सोबत नेऊ नका. गुप्तधनाच्या नादाने गढ्या खणणाऱ्यांनी गावकरी आधीच वैतागलेले आहेत आणि तुम्ही त्यांतले नाहीत हे तुमच्या पिशवीवरूनच ठरतं. ड्रोनही नको. रात्री ड्रोन फिरल्याच्या अफवांनी गावंच्या गावं जागत बसली होती.

साप-विंचवाचं काय? (अनेक पत्रं)

दगडाखाली फुरसं, ढिगाऱ्यात नाग, गवताच्या कडेला घोणस, आणि मुक्काम केलात तर रात्री मण्यार. मुक्काम करू नका. दगड उलटायचाच तर काठीने आणि स्वतःच्या बाजूला ओढत, म्हणजे आतला जीव पलीकडे निघतो. कोनाड्यात, भिंतीच्या फटीत हात घालायचा नाही.

चावलं तर अंगठी-कडं काढा, तो हात किंवा पाय काठी बांधून स्थिर करा, चालवू नका, १०८ ला फोन करा. आवळून बांधणं, ब्लेडने कापणं, चोखणं, मांत्रिक, यात गेलेला वेळ परत मिळत नाही. साप मारून दवाखान्यात न्यायची गरज नाही. या चारही सापांवर एकच लस चालते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती आहे का, हे निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा.

लाल विंचू बारका दिसतो, पण डंखानंतर घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर ते हृदयावर जाण्याचं लक्षण आहे. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला काम करताना प्राझोसीन हे औषध यावर लागू पडतं हे दाखवून दिलं. लवकर दिलं तरच त्याचा उपयोग, म्हणून लहान मुलाला डंख झाला तर वाट पाहत बसू नका.

आणि बारवेत उतरण्याआधी वरच्या कमानी बघा. आग्यामोहोळ असेल तर अत्तर, धूर, मोठा आवाज, फ्लॅश काही नको. माश्या उठल्याच तर शर्ट डोक्यावर घेऊन सरळ पळा, दोनशे-तीनशे मीटर तरी, आणि झाडं-झुडपं सोडून उघड्यावर थांबू नका. बारवेत उडी मारू नका. माश्या पाण्यावर घिरट्या घालत थांबतात आणि तुम्ही श्वासासाठी वर याल तेव्हा त्या तिथेच असतात.